क्रीक: आंबट चेरीची म्हातारी बिअर

बिअरचा एक प्रकार असा आहे, की पहिला घोट घेतल्यावर माणूस हमखास बाटलीवरची एक्सपायरी डेट शोधतो. रंग डाळिंबाच्या दाण्यांचा, वर गुलाबी फेस, बाटली जाडजूड, बूच शँपेनसारखं तारेने बांधलेलं. एवढा थाट बघून आपण मनात काहीतरी गोडसर धरतो. आणि जिभेवर येतं ते कोकमाच्या आगळाची आठवण करून देणारं, साखरेचा मागमूस नसलेलं, चांगलंच आंबट प्रकरण! "खराब झालीये वाटतं," अशी पहिली प्रतिक्रिया येते. तारीख बघावी तर ती अजून पंधरा-वीस वर्षं पुढची असू शकते.

ह्या बिअरचं नाव क्रीक. फ्लेमिश भाषेत क्रीक म्हणजे आंबट चेरी. (खाडीशी काही संबंध नाही. ठाण्याच्या खाडीशी तर मुळीच नाही :-) ) आणि हो, चेरी म्हटल्यावर पेस्ट्रीवर बसलेली लालभडक गोळी डोळ्यांसमोर आणू नका. आपल्याकडे ती बहुतेक वेळा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं. खरी आंबट चेरी नुसती खायला कठीण, पण शिजवायला, मुरवायला आणि आंबवायला एक नंबर.

आज लिहायचंय ते ह्या बिअरच्या इतिहासाबद्दल. कारण ह्या एका ग्लासात बरंच काही आहे. एक कर-कायदा आहे, एक गाडलेली नदी आहे, गाढवांचं एक गाव आहे, लुई पाश्चर आहे आणि एक बिघडलेला थर्मोस्टॅटसुद्धा आहे.

तर सुरुवात ब्रुसेल्सपासून. बेल्जियमच्या ह्या राजधानीभोवती आणि तिच्या नैर्ऋत्येला पायोटेनलंड नावाचा शेतकरी मुलुख आहे. पीटर ब्रूगेल ह्या चित्रकाराने सोळाव्या शतकात इथली खेडी आणि शेतकरी रंगवले. त्याच्या १५६८ च्या आंधळ्यांच्या रांगेच्या प्रसिद्ध चित्रात मागे जे चर्च दिसतं, ते इथल्या सिंट-आना-पेडे गावात आजही उभं आहे. ह्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या जी बिअर होते तिचं नाव लँबिक. क्रीकचा पाया हीच लँबिक.

साधारण बिअर कशी करतात? मोड आणून वाळवलेलं बार्ली, म्हणजे मॉल्ट, गरम पाण्यात भिजवून त्याचं गोड पाणी काढायचं, हॉप्सची फुलं घालून उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट टाकायचं. दुधाला विरजण लावतो तसं. लँबिकवाले सगळं करतात, फक्त विरजण लावत नाहीत. उकळतं पाणी माळ्यावरच्या एका मोठ्या, उथळ, बहुधा तांब्याच्या हौदात पसरतात, छपराच्या झडपा उघड्या ठेवतात आणि झोपायला जातात. रात्रभरात पाणी निवतं, आणि हवेत, तुळयांवर, भिंतींवर जे काही सूक्ष्मजीव असतील ते त्यात उतरतात. सकाळी हे पाणी लाकडी पिंपांत भरायचं. पिंपांच्या लाकडातही आधीच्या वर्षांचे जीव मुक्कामाला असतातच. संपलं. पुढचं काम त्यांचं.

हे फक्त थंडीत जमतं, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात हवेतले नको ते जंतू फार वाढतात आणि पाणी रात्रीत पुरेसं गारही होत नाही. म्हणजे कॅलेंडर माणसाने नाही, हवेने ठरवलेलं.

ह्यात अजून एक मजा आहे. लँबिकमध्ये मॉल्टबरोबर निदान ३० टक्के कच्चा, म्हणजे मोड न आणलेला गहू लागतो आणि तो भिजवायची पद्धत भलतीच किचकट असते. दाण्यांचा काला दाट ठेवायचा, त्यातून पांढरट गढूळ पाणी अनेकदा काढायचं, वेगळं तापवायचं, परत ओतायचं. एवढा उपद्व्याप कशाला? ह्याचा धागा १८२२ पर्यंत जातो. तेव्हा बेल्जियम नेदरलँड्सच्या राज्यात होतं आणि सरकारने बिअरवरचा कर भिजवण्याच्या टाकीच्या आकारावर लावला. किती बिअर निघाली ह्यावर नाही, टाकी केवढी ह्यावर! मग कोणताही शहाणा माणूस काय करेल? टाकी लहान घेईल आणि ती दाण्यांनी गच्च भरेल. गव्हाचा हा दाट काला आणि गढूळ पाणी ह्या कराच्या काळात चांगलंच पक्कं झालं. कर गेला, पद्धत राहिली. जुन्या सिस्टीममध्ये एखादी विचित्र अट सापडते, कोणी घातली हे आठवत नसतं, पण काढली की सगळं कोसळतं, तसलाच प्रकार. कारण त्या गढूळ पाण्यात अशी जड पिठूळ साखर उरते जी साध्या यीस्टला पचत नाही. ती पुढे येणाऱ्या धीम्या जिवांची शिदोरी असते.

आणि हे जीव रांगेने येतात. पहिल्या महिन्यात आतड्यांत सापडतात त्या जातीचे जीवाणू (घाबरू नका, आम्लता आणि अल्कोहोल वाढलं की ते मरतात). मग नेहमीचं यीस्ट येऊन सोप्या साखरेचा फडशा पाडतं, त्याला काही महिने लागतात. मग उन्हाळ्याच्या उबेत पेडिओकॉकस नावाचा जीवाणू दह्यासारखं आम्ल तयार करतो. ह्या काळात बिअर कधीकधी चक्क तार धरते, आळशीच्या पाण्यासारखी बुळबुळीत होते. लँबिकवाले म्हणतात, बिअर आजारी पडली. आणि काय करतात? काहीही नाही. थांबतात. कारण सात-आठ महिन्यांनंतर चौथा पाहुणा जोर धरतो, त्याचं नाव ब्रेटॅनोमायसिस. तो ती तारही खातो, उरलेली जड साखरही खातो आणि तबेला, जुनं चामडं, ओलं गवत अशा वासांची देणगी देऊन जातो. एक, दोन, तीन वर्षं असं चालतं. घाई करायला जागाच नाही. दहा माणसं जास्त लावली म्हणून लँबिक एक दिवसही आधी तयार होत नाही. (हे वाक्य काही मॅनेजर लोकांना प्रिंट काढून द्यावंसं वाटतं. असो.)

आता पाश्चर. १८७६ साली लुई पाश्चरने बिअरवर एक मोठा ग्रंथ काढला. त्याचं सार असं, की बिअर बिघडते ती बाहेरून शिरलेल्या जिवांमुळे. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स जर्मनीकडून हरला होता आणि जर्मन बिअरला मागे टाकणारी फ्रेंच बिअर व्हावी ही पाश्चरची उघड इच्छा होती. पण त्याचा धडा सगळ्या जगाने गिरवला. १८८३ साली कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सनने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिची शुद्ध वंशावळ वाढवली. आता प्रत्येक घाणा आधीच्या घाण्यासारखा! आजची लागर बिअर ह्याच शोधावर उभी आहे. बाटलीतली चव मुंबईत आणि म्युनिकमध्ये सारखी लागते ती ह्याच शोधामुळे.

ह्या नव्या जगात लँबिक म्हणजे पाश्चरच्या ग्रंथातला रोगीच. उघडी खिडकी, मुरलेलं लाकूड, कोळिष्टकं. पण गंमत बघा. त्याच कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या क्लाउसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९०४ मध्ये दाखवलं, की इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरची खास चव एका वेगळ्याच यीस्टमुळे येते. त्याने त्याला नाव दिलं ब्रेटॅनोमायसिस, म्हणजे 'ब्रिटिश बुरशी'. आणि १९२१ मध्ये कुफराथ आणि व्हान लार ह्यांनी लँबिकमधून त्याचा भाऊबंद वेगळा काढला. त्याच्या नावात ब्रुसेल्स आहे: ब्रेटॅनोमायसिस ब्रुक्सेलेन्सिस. जगभरचे बहुतेक वाईनवाले ह्या जिवाला बिघाड समजतात आणि त्याच्या नावाने बोटं मोडतात. लँबिकवाल्यांचं मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही.

आता चेरीकडे येऊ.

ब्रुसेल्सच्या ईशान्येला स्कारबेक नावाचा भाग आहे. आज तिथे सव्वा लाखाहून जास्त लोक राहतात, ट्राम धावतात, दाटीवाटीने इमारती आहेत. एकोणिसाव्या शतकात शहर अंगावर येण्याआधी ते बागाईतदारांचं गाव होतं आणि आंबट चेरीसाठी नावाजलेलं होतं. फळ लहान, रंग गडद, गर बेताचा आणि बी मोठी. शेतकरी गाढवांवर चेरी लादून ब्रुसेल्सच्या बाजाराला यायचे. शहरातले लोक म्हणायचे, "आली स्कारबेकची गाढवं!" ते नाव असं चिकटलं, की आजही स्कारबेकला 'गाढवांचं शहर' म्हणतात. तिथल्या जोसाफात पार्कमध्ये खरीखुरी गाढवं पाळलेली आहेत. चेरीची आठवण मात्र झाडांपेक्षा रस्त्यांच्या नावांत जास्त सापडते.

चेरी बिअरमध्ये घालायची कल्पना कोणाची, हा प्रश्न 'वरणात चिंच पहिल्यांदा कोणी घातली' छापाचा आहे. पण हिशोब सरळ दिसतो. चेरी पिकते जुलैच्या सुमारास, महिनाभरात संपते आणि तोडल्यावर टिकत नाही. त्याच वेळी ब्रूअरीत थंडीतली कामं आटपलेली असतात आणि पिंपांत वर्ष-दीड वर्ष मुरलेली लँबिक तयार असते. एकाकडे नासणारा माल, दुसऱ्याकडे काहीही नासू न देणारं आम्ल आणि अल्कोहोल. चेरीचं लोणचंच म्हणा ना, फक्त खार प्यायचा आणि फोडी टाकून द्यायच्या.

पद्धत आजही तीच. अख्खी चेरी, बीसकट, लँबिकमध्ये घालतात. प्रमाण लिटरला २०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त. काही दिवसांत पिंप जागं होतं. चेरीतली ताजी साखर मिळाल्यावर झोपलेलं यीस्ट उसळतं आणि तोंडातून गुलाबी फेस बाहेर येतो. काही महिने हे मुरत राहतं. यीस्ट साखर सगळी खाऊन टाकतं, म्हणून गोडवा उरत नाही. उरतो रंग, वास आणि फळाचं आम्ल. बियांमधून हळूहळू कडू बदामाचा वास उतरतो. स्कारबेकच्या चेरीत गराच्या मानाने बी मोठी, म्हणून तिचं ह्या कामात एवढं कौतुक. शेवटी थोडी तरुण लँबिक मिसळून बाटलीत भरतात. त्या तरुण लँबिकमधल्या शिल्लक साखरेवर बाटलीत पुन्हा फेस धरतो.

ही चव मी घेतली ती प्रोजेक्टच्या निमित्ताने ब्रुसेल्सला होतो तेव्हा, आंडरलेख्तमधल्या काँतियों ब्रूअरीत. मिडी स्टेशनपासून चालत जाता येतं. पाटी शोधावी लागते इतकी साधी जागा. आत पिंपांच्या रांगा, वर तो तांब्याचा हौद आणि सगळीकडे कोळ्यांची जाळी. ती कोणी झाडत नाही, कारण चेरीमुळे येणाऱ्या माश्या-चिलटांचा बंदोबस्त कोळीच करतात. चक्कर मारून झाल्यावर ग्लास हातात येतो. आधी वास घ्यावा. पहिल्यांदा चेरी, मग बदाम, आणि त्यामागे पावसाळ्यात बंद राहिलेल्या माळ्याचा, पोत्यांचा, ओल्या लाकडाचा वास. घोट घेतला की गालांच्या आत, कानाखाली ती कळ येते, कच्ची कैरी चावल्यावर येते ती. दुसऱ्या घोटाला जीभ सावरते आणि फळ दिसायला लागतं. तिसऱ्या घोटापर्यंत लक्षात येतं की हे पेय कोरडं आहे, जड अजिबात नाही, आणि घोट संपल्यावरही ते तोंडात बराच वेळ बोलत राहतं. अल्कोहोल पाच-सहा टक्के, म्हणजे डोक्यापेक्षा जिभेवरच काम जास्त. सोबत ताजं पांढरं चीज, मुळा आणि पाव. ब्रुसेल्सची जुनी जोडी. जाहिरातीतल्या बिअरसारखी ही एका दमात रिकामी करायची नाही. तशी होतही नाही.

पुन्हा इतिहासाकडे. लँबिकचा मुलुख झेन नदीच्या खोऱ्यातला. (पॅरिसची सेन वेगळी.) लँबिकबद्दल लिहिताना 'झेन खोऱ्याची हवा' हे शब्द यायलाच लागतात. पण ब्रुसेल्सच्या मध्यातून वाहणारी ही नदी तुम्हाला दिसणार नाही. १८६६ मध्ये शहरात कॉलराची साथ आली, नदीचं गटार झालेलं होतंच, मग १८६७ ते १८७१ ह्या काळात महापौर आन्स्पाख ह्यांनी ती कमानींखाली बंद करून वर रुंद रस्ते काढले. नदी रस्त्याखाली गेली, चेरीच्या बागा इमारतींखाली गेल्या. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने अनेक ब्रूअऱ्यांची तांब्याची भांडी उचलून नेली. मग स्वच्छ, सोनेरी, स्वस्त लागर आली, कोला आला, आणि लोकांची जीभ गोडाकडे वळली.

लँबिकवर शेवटचा मोठा घाव मात्र तिच्याच नावाने पडला. विसाव्या शतकात बेल-व्ह्यू ह्या ब्रुसेल्सच्या कंपनीने एकेक छोटे लँबिकवाले विकत घेतले आणि गाळलेली, गोड केलेली क्रीक कॅफेत पोचवली. तिचे मालक कॉन्स्टंट व्हांडेन स्टॉक आंडरलेख्त फुटबॉल क्लबचेही अध्यक्ष होते. त्या क्लबच्या स्टेडियमला बरीच वर्षं त्यांचं नाव होतं. १९९१ साली बेल-व्ह्यू इंटरब्रूकडे गेली, म्हणजे आजच्या एबी इनबेव्हच्या पूर्वजाकडे. गोड क्रीकने लोकांची फसवणूक केली असं मी म्हणणार नाही. लोकांना ती आवडली, त्यांनी ती विकत घेतली. पण त्यामुळे 'क्रीक' शब्दाचा अर्थ बदलला. चेरीचा रस आणि साखर घातलेली बिअर म्हणजे क्रीक, असं एका अख्ख्या पिढीला वाटायला लागलं. तीन वर्षं पिंप सांभाळणारा माणूस आणि काही आठवड्यांत टाकी भरणारा कारखाना, दोघांच्या बाटलीवर नाव एकच. किंमत मात्र एक कशी ठेवणार?

काही लोकांनी तेव्हा जागा सोडली नाही, म्हणून आपण हे लिहितो-वाचतो आहोत. काँतियों घराण्याचे जावई ज्याँ-पियेर व्हान रॉय ह्यांनी १९७८ मध्ये चालू ब्रूअरीलाच संग्रहालय करून टाकलं. बिअर विकत नाही तर निदान तिकीट काढून लोक बघायला तरी येतील! लेंबेक गावात फ्रँक बून ह्यांनी त्याच दशकात काम सुरू केलं. आणि १९७७ पासून मायकेल जॅक्सन ह्या इंग्लिश लेखकाने (गाणारा नव्हे, हा दाढीवाला बिअर-लेखक) पुस्तकांमधून बेल्जियन बिअरबद्दल जगाला सांगायला सुरुवात केली. आपल्या वस्तूचं मोल बाहेरच्याने सांगितल्यावर कळणं, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

मग १९९७ मध्ये दोन गोष्टी झाल्या. पारंपरिक लँबिकवाल्यांची होराल नावाची संघटना झाली आणि युरोपियन युनियनने ह्या बिअरना कायद्याचं संरक्षण दिलं. 'औदे क्रीक', म्हणजे 'म्हातारी क्रीक', हा शब्द आता फक्त उत्स्फूर्त आंबलेल्या, लाकडात मुरलेल्या आणि बाटलीत पुन्हा फेस धरलेल्या बिअरलाच लावता येतो. नुसतं 'क्रीक' लिहिलेल्या बाटलीत दुसरी बिअर, रस, गोडी काहीही मिसळलेलं असू शकतं. काँतियों होरालमध्ये नाही आणि 'औदे' लिहीत नाही. त्यांच्या लेबलवर '१०० टक्के लँबिक' असतं.

ह्यात मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे ह्या संरक्षणाचा प्रकार. शँपेन म्हणजे शँपेन प्रांतातलीच, अशी जागेची अट असणारं हे संरक्षण नाही. हे पद्धतीचं संरक्षण आहे. जी बिअर जन्मभर 'इथली हवा, इथली हवा' म्हणून मिरवली, तिला कायद्याने हवा दिलीच नाही. दिली ती मुरण्याची वर्षं आणि लाकूड. सुरुवातीला मला हे अपुरं वाटलं. पण बघा, नदी रस्त्याखाली आहे, स्कारबेकची चेरी दुर्मीळ झाल्यामुळे बहुतेक फळ बाहेरून येतं, बरंचसं पोलंडमधून. जागेचं जे जे होतं ते जवळजवळ सगळं बदललं. बदललं नाही ते एवढंच, की ह्या कामाला जितका वेळ लागतो तितका लागतोच.

आणि तो वेळही फुकट नसतो. बेर्सेल गावातल्या 'तीन कारंजी' ह्या नावाच्या घराण्यात मे २००९ मध्ये एका उबदार खोलीचा थर्मोस्टॅट बिघडला. बाटल्यांना जेमतेम ऊब हवी असताना तापमान ६० अंशांच्या आसपास गेलं. हजारो बाटल्या फुटल्या, उरलेल्या हजारो नासल्या. आर्मांड देबेल्डर ह्यांची अनेक वर्षांची पुंजी एका सुट्या भागाने खाल्ली. तसा भाग पन्नास मिळतील, ती वर्षं परत मिळणार नव्हती. त्यांनी नासलेल्या बिअरचं ऊर्ध्वपातन करून दारू काढली, ती विकली, काही वर्षं दुसऱ्यांकडून लँबिकचं पाणी घेऊन मुरवलं आणि पुन्हा उभे राहिले. २०२२ साली ते गेले. त्यांचं घराणं चालू आहे आणि आसपासच्या लोकांच्या परसातल्या जुन्या स्कारबेक झाडांची फळं वापरून क्रीक करतं. शहराने गिळलेली बाग अशी एकेका अंगणात शिल्लक आहे.

खरी धास्ती आता वेगळीच आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये काँतियोंला काम थांबवावं लागलं, कारण रात्री पुरेशा थंड होत नव्हत्या. पाश्चर, साखर, मोठ्या कंपन्या ह्या सगळ्यांशी लढता येतं. रात्रच गार झाली नाही तर कोणाकडे तक्रार करायची? यंत्राने पाणी थंड करता येईल, पण मग पाश्चरनंतर दीडशे वर्षं उघडी ठेवलेली ती खिडकी शेवटी बंदच करायची!

तेव्हा मंडळी, युरोपात कुठे किंवा एखाद्या ड्यूटी-फ्रीमध्ये तारेने बांधलेली लाल बाटली दिसली तर लेबल नीट वाचा. 'औदे' किंवा '१०० टक्के लँबिक' दिसलं तर घ्या, चौघांत वाटा आणि पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. तिसऱ्या घोटापर्यंत थांबा. करणारा तीन वर्षं थांबलाय.